पोपटी चिंधी

जमनामावशी वारली त्यानंतर बचत गटाच्या बायांनी समाजमंदिरात सभा ठेवली. फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि एकेक बाई उठून बोलली. सगळ्यांचं बोलणं फिरून एकाच जागी येत होतं: मावशीने आम्हाला स्वतःच्या पायावर उभं केलं. शेवटी माईक माझ्याकडे आला. धाकट्या डहाणूचं मासळी सुकवायचं खळं आज माझं आहे, कासाच्या बाजारातला गाळा माझा आहे, टेम्पोवर नाव माझं आहे. मी बोलणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी माईक शेजारणीकडे सरकवला आणि म्हटलं, "मला काही बोलायचं नाही."

बायांना वाटलं, हेमाला फार लागलंय. लागलं होतंच, पण ते रडण्यासारखं नव्हतं. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. माझा राग ती चालती-बोलती असतानाचा आहे, तिच्या मरणाने तो मी का सोडावा? मी गिऱ्हाइकाला सोडत नाही, व्यापाऱ्याला सोडत नाही, मग मावशीलाच कशी सोडू? त्या दिवशी माईकवर जे बोलले नाही ते इथे लिहिते.

आधी ती कशी होती ते सांगते, म्हणजे माझा राग खोटा वाटायचा नाही.

लहान चणीची, उन्हाने करपलेली, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली बाई. चालायची इतकी भरभर की सोबत चालणाऱ्याला पळावं लागे. कमरेला एक बटवा, त्यात सुपारी आणि अडकित्ता. सुपारी ती खायची कमी, कातरायची जास्त. दात गेल्यावर तर ती खाणं सुटलंच, पण कातरणं सुटलं नाही. समोर येईल त्याच्या हातावर खांड ठेवायची. खळ्यावर ती कुठे आहे हे आम्हाला त्या कट् कट् आवाजावरून कळायचं.

मी तिच्याकडे गेले ती सासरहून परत आले तेव्हा. माझ्या सासरी मारहाण वगैरे नव्हती. लोक मला तेच विचारायचे, मारत होता का, पीत होता का, आणि मी नाही म्हटलं की मग आलीस कशाला, असा चेहरा करायचे. त्या घरात मी काहीच ठरवत नव्हते, एवढंच होतं. आमटीत मीठ किती ते सासू सांगायची. सणाला लुगडं कुठलं नेसायचं ते नणंद काढून ठेवायची. कुणी पाहुण्याने मला नाव विचारलं तरी नवराच सांगायचा, "हिचं नाव हेमा." मी शेजारी उभी असायचे. काही वर्षांनी मला कुणी काही विचारलं की मी आधी आजूबाजूला बघायला लागले, उत्तर कोण देतंय म्हणून. एकदा माहेरी आले ती परत गेलेच नाही. पण परत जाणार नाही असंही ठरवलं नव्हतं. नुसती राहिले होते.

आईने मला मावशीच्या खळ्यावर पाठवलं. मावशी वाळूत बसून बोंबलांच्या जोड्या लावत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. बांबू रोवून असे आडवे दोर ताणले की त्याला आम्ही वलांडी म्हणतो. मावशीने वर न बघताच विचारलं, "काम पाहिजे?"

"हो."

"कुठलं?"

"कुठलंही चालेल."

तिने बटव्याशेजारचं एक गाठोडं सोडलं. आत चिंध्या होत्या, वेगवेगळ्या रंगांच्या. "घे एक."

"दे कुठलीही."

"'कुठलीही' अशी चिंधी माझ्याकडे नाही, बाय. लाल आहे ती माझी. बाकीच्या बघ."

मी हसले. ती हसली नाही. परत जोड्या लावायला लागली. मी उभी राहिले. ऊन चढलं, बायांनी चहा केला, मला कुणी दिला नाही. मला एवढा राग आला की निघून जावंसं वाटलं, पण निघून जायचं हेही ठरवावं लागलं असतं. शेवटी खाली बसले आणि एक पोपटी चिंधी उचलली.

"हीच का?"

"अशीच."

"अशीच नाही. का?"

मी म्हटलं, "मला हा रंग आवडतो."

"हां," ती म्हणाली. "मग बांध तुझ्या दोराला. आणि चहा घे, गार होतोय."

मला काय आवडतं हे मी किती दिवसांनी तोंडाने बोलले होते कुणास ठाऊक. म्हणून सांगते, त्या बाईचे उपकार मी नाकारत नाही. रुसवा उपकारांवर नाही.

तिच्या खळ्याची रीत इतर खळ्यांपेक्षा वेगळी होती. इतर ठिकाणी बाया मजुरीवर जोड्या लावायच्या, मालाचं काय झालं ते मालक बघायचा. मावशी प्रत्येकीला एक दोर द्यायची. दोराच्या टोकाला जिची चिंधी, माल तिचा. बोंबील कधी टाकायचे, कधी उलटायचे, कधी काढायचे, ते तिचं तिने ठरवायचं. दुसरीला विचारायला बंदी नव्हती, पण मावशीला विचारून उपयोग नव्हता. "मावशी, आज वारा कसा वाटतो?" असं विचारलं की ती म्हणायची, "तुला नाक दिलंय ना देवाने?" आणि व्यापारी आला की प्रत्येकीने आपल्या दोराशी उभं राहायचं. माल चांगला असेल तर भाव स्वतः सांगायचा. बिघडला असेल तरी उभं राहायचंच. तोंडाने म्हणायचं, "हे माझे. बिघडले." बस, एवढंच. वारा फिरला, पोर आजारी होतं, दव पडलं, यातलं काही बोलायचं नाही. बिघडलेला माल मग चिकूच्या वाडीवाल्यांकडे खत म्हणून जायचा.

कांताचा माल एकदा असा गेला. कांता माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ. ती दोराशी उभी राहीना, शेडमध्ये जाऊन बसली. मावशी तिच्यापुढे जाऊन बसली.

"उठ."

"मला लाज वाटते, मावशी. सगळे बघतात."

"बघू देत. बोंबील बिघडलेत, तू नाही बिघडलीस. पण तू लपलीस ना, की लोकांना दोन्ही एकच वाटायला लागेल."

कांता उठली. दोराशी जाऊन उभी राहिली आणि व्यापाऱ्याच्या तोंडावर म्हणाली, "हे माझे. बिघडले." व्यापारी डहाणूचाच, गुजराती, आम्ही त्याला शेठ म्हणायचो. तो म्हणाला, "चालेल बेन, आवती वखत सारूं लावजो." पुढच्या वेळी चांगला आणा, एवढंच. संध्याकाळी मावशीच्या घरी कालवण झालं, कांताला पहिलं ताट.

भाव सांगायचं मला तिनेच शिकवलं, पण शिकवण्यासारखं तिने काहीच केलं नाही. कासाच्या आणि तलासरीच्या बाजाराला आम्ही जोडीने जायचो. चारोटीला जीप बदलायची. तिथेही तेच. "पुढे बसतेस की मागे?" मी मागे म्हटलं आणि स्टेपनीवर बसायची वेळ आली, तरी तोंडातून ब्र काढायचा नाही, मागे मीच म्हटलेलं. बाजारात गोणपाटावर सुकट, बोंबील, वाकट्या मांडल्या की ती माझ्याकडे पाठ करून बसायची आणि सुपारी कातरायला लागायची. भाव मी सांगायचा. मी फार खाली उतरले की मागचा अडकित्ता थांबायचा. बोलायची काही नाही, मानही वळवायची नाही. फक्त आवाज बंद. मग मी घाईघाईने वर चढायचे, गिऱ्हाईक भांडायचं, मीही भांडायचे. हळूहळू मला भांडता यायला लागलं. पुढे इतकं यायला लागलं की मला आवरावं लागायचं.

झरीची एक म्हातारी होती. पावसाळ्याची बेगमी म्हणून जवळा घ्यायला आली. जवळ्यात हात घालून म्हणाली, "वाळू हाय काय गं?" माझं डोकं तापलं. "वाळू निघाली तर तोंडावर आणून फेक माझ्या," मी म्हटलं. पुढच्या बाजाराला ती आली नाही, तिचा शेजारी आला आणि हसत म्हणाला, म्हातारी म्हणते, दात नाहीत म्हणून वाचले. मला हसू आलं. मावशीचा अडकित्ता थांबला.

"काय गं, तोंडावर आणून फेक म्हणालीस ना?"

"बोलण्यात बोलून गेले."

"तिला चालवत नाही एवढं. तू जा आणि घेऊन ये."

भर उन्हात मी झरीला गेले. म्हातारीने जवळा कधीच धुऊन, निवडून, वाळवून ठेवला होता. मी नवा दिला तर तिने जुनाही परत दिला नाही, वर कांदा घालून त्यातलाच करून मला भाकरीबरोबर वाढला. त्या घराण्यातली सून आजही माझ्याच गाळ्यावर येते आणि आजही मला विचारते, "वाळू हाय काय?" हे गिऱ्हाईक मला मावशीने मिळवून दिलं. तेही मी नाकारत नाही.

"ठरव आणि उभी राहा." ती हे इतक्या वेळा म्हणायची की बाया तिची नक्कल करायच्या. मी केली नाही. मी ते खरं मानलं. माझी चूक झाली असेल तर तिथे झाली.

आता त्या वर्षाचं सांगते.

मार्गशीर्ष होता. दोरांवर बोंबील भरून होते आणि सासरहून निरोप आला की पौर्णिमेला दीर आणि दोन वडीलधारी माणसं येणार, हेमाला न्यायला. आई म्हणाली, तू बघ. भाऊ म्हणाला, तू बघ. भावजयीने माझ्या पिशवीतले कपडे धुऊन घड्या करून ठेवले. मला काही सुचेना. खळ्यावर बसून मी मावशीला म्हटलं, "या वेळचा माझा माल चांगला निघाला, शेठने माझा भाव दिला, तर मी इथेच राहणार. बिघडला तर जाईन त्यांच्याबरोबर."

मावशीने अडकित्ता खाली ठेवला. "असा सौदा कुणाशी केलास? बोंबलांशी?"

"मी ठरवलंय."

"बरं," ती म्हणाली आणि उठून गेली.

पौर्णिमेच्या आधी आभाळ भरून आलं. अशा वेळी दोनच वाटा असतात. माल दोरावर ठेवायचा आणि पाऊस येणार नाही असं धरून चालायचं. नाहीतर उतरवून ताडपत्रीखाली रास घालायची. उतरवला आणि आतून ओला असला तर रास तापते, माल घामेजतो, लाल पडतो. सगळ्यांनी दोर तसेच ठेवले. दोन दिवस जमिनीकडचा कोरडा वारा होता, माझे बोंबील हाताला खडखडीत लागत होते. मी एकटीने उतरवले. रास घातली, ताडपत्री टाकली, कोपऱ्याला पोपटी चिंधी बांधली. मावशी बघत होती.

"ठरलं?"

"ठरलं."

"मग कासाच्या बाजाराला तू जा. माझं अंग दुखतंय."

मी गेले, माझ्या मामेबहिणीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. पहाटे भुरभुर पाऊस येऊन गेला होता. सगळ्यांचे दोर भिजलेले, बोंबील मऊ, पिवळे. बाया डोक्याला हात लावून बसलेल्या. मी ताडपत्री उचलली. माझे बोंबील पांढरे, कडक, हातात घेतला की मोडावा असे. एकाही बोंबलाला डाग नव्हता. आणि शेजारच्या राशीवर लाल चिंधी होती. ती मावशीची रास. माझ्यामागे तिनेही माल उतरवला असावा असं मी धरलं. ती रास तापून सडली होती. लांबून वास येत होता.

शेठ आला. मावशी आपल्या राशीशी उभी राहिली आणि म्हणाली, "हे माझे. बिघडले." माझ्या आठवणीत तिचा माल बिघडल्याचा तो एकच प्रसंग. मी इतकी हवेत होते की म्हटलं, "मावशी, या वेळी तुझं नाक चुकलं."

"चुकलं," ती म्हणाली.

मग शेठ माझ्याकडे वळला आणि मी असा भाव सांगितला की मलाच माझा आवाज ओळखू येईना. शेठ हसला, डोकं खाजवलं, जायला निघाला, परत आला. दिला. त्याच संध्याकाळी दीर आला. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "मी येणार नाही." त्याने माझ्या भावाकडे बघितलं. मी म्हटलं, "इकडे बघा. मी बोलतेय."

माझं सगळं आयुष्य त्या दोन दिवसांवर उभं आहे. टेम्पो घेतला तेव्हा, गाळ्यासाठी कासात भांडले तेव्हा, कर्जाला नाही म्हणणाऱ्या माणसांपुढे बसले तेव्हा, दर वेळी मी मनात ती ताडपत्री उचलायचे. सगळ्यांनी दोरावर ठेवले, मी उतरवले, आणि माझं बरोबर निघालं. मावशीचंही चुकलं तिथे माझं बरोबर निघालं. बचत गटाच्या मेळाव्यांत मी ही गोष्ट सांगायचे. तलासरीत सांगितली, डहाणूत सांगितली. बाया टाळ्या वाजवायच्या. पुढे मावशी थकली, कासाला लेकीकडे राहायला गेली, खळं मी घेतलं आणि नवीन बाई कामाला लागली की पहिल्या दिवशी तिलाही मी हीच गोष्ट सांगायला लागले.

मागच्या हंगामात सुनीता नावाची एक मुलगी अशीच ओले बोंबील उतरवून बसली. सगळे सडले. मी तिला खूप बोलले. माझं डोकं तापलं की मी आवरत नाही. "अक्कल कुठे ठेवली होतीस? मी तुझ्या वयाची असताना याच खळ्यावर..." असं मी सुरू केलं.

कांता तिथेच जोड्या लावत होती. केस पिकले तरी ती काम सोडत नाही. तिने हातातला बोंबील खाली टाकला. "बस कर गं हेमा. त्या पोरीला किती रडवशील? तुझे तरी कुठे वाचले होते?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. सडलेली रास तुझीच होती. तू कासाला गेलीस, दुपारपर्यंत वास सुटला. मावशीने माळ्यावरचा तिचा सुकलेला माल काढला, आम्ही दोघी-तिघींनी वाहिला. चिंध्या तिने स्वतः बदलल्या."

मी कांताला खोटारडी म्हटलं. तिने पडलेला बोंबील उचलून परत जोडीत अडकवला. मग मी खळ्यातल्या जुन्या बायांकडे बघितलं. एकीनेही मान वर केली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं मी गोष्ट सांगत होते, त्या बसून ऐकत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. त्यांना माझी कीव आली असेल की हसू, ते मला आजही कळत नाही. दोन्हीतलं काय जास्त वाईट तेही कळत नाही.

मी तशीच टेम्पोत बसले आणि कासाला गेले.

मावशी लेकीच्या ओट्यावर बसली होती, पुढ्यात अडकित्ता. मला बघून खूश झाली. "ये गं. चहा की सरबत?"

"रास कुणाची होती?"

तिने विचारलं नाही, कुठली रास म्हणून. "कांता बोलली वाटतं," ती म्हणाली. "तिला पोटात काही राहत नाही."

"का केलंस तू?"

"तू गेली असतीस त्यांच्याबरोबर."

"गेले असते! ते माझं मी बघितलं असतं. ठरव आणि उभी राहा, कोण सांगत होतं सगळ्यांना? मी ठरवलं होतं."

"नव्हतं ठरवलंस," मावशी शांतपणे म्हणाली. "तू बोंबलांवर टाकलं होतंस. बोंबलांना कुणीतरी सांगायला हवं होतं."

"बोंबलांना नाही, मला सांगायचं होतंस!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की तिची लेक बाहेर आली. "तोंडावर सांगायचं होतंस, हेमा, माल सडला, आता बोल काय करणार. मी काय केलं असतं ते मला कधीच कळणार नाही आता. गेले असते की राहिले असते, हेच मला माहीत नाही. माझ्या सासूने लुगडं काढून ठेवलं, तू माल काढून ठेवलास. फरक काय? तिने निदान लपवलं तरी नाही."

ते तिला लागलं. मला लागावं असंच वाटत होतं. तिने अडकित्ता उचलला, परत ठेवला. "भाव तर तूच सांगितलास ना," ती म्हणाली. "माल माझा होता. पण मी सांगितला असता तो भाव नव्हता तो."

"त्यात मला गुंडाळू नकोस. कांताला उभं केलंस, मला झरीला पाठवलंस. आणि स्वतः? सडलेल्या राशीशी उभी राहून खोटं बोललीस. तुझी खरी बिघडलेली गोष्ट ती रास नव्हती, ही लपवाछपवी होती. त्या गोष्टीशी उभी राहून दाखव, मग मला शहाणपण सांग."

मी चहा न घेता निघाले. त्यानंतर गेले नाही. तिच्या लेकीचे फोन आले, उचलले नाहीत.

मावशीला मी शेवटचं बघितलं ते पौषात. शेठ आता थकला, त्याचा मुलगा येतो. तो येणार म्हणून सगळ्या बाया आपापल्या दोराशी उभ्या होत्या. मीही माझ्या दोराशी. मालकीण झाले तरी एक दोर मी स्वतःचा ठेवते, पोपटी चिंधीचा. खळ्याच्या तोंडाशी रिक्षा थांबली. आतून लेकीचा हात धरून मावशी उतरली. कासाहून एवढ्या लांब कशाला आली असेल, असं वाटेपर्यंत ती वाळूत चालायला लागली होती. भरभर नाही, पाय ओढत. लेकीला तिने मागेच थांबवलं. माझ्यापाशी आली. दोराशी नाही, माझ्यापाशी, माझ्या खांद्याला खांदा लागेल अशी उभी राहिली.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्या वर्षी पौर्णिमेला सडला तो माल हेमाचा होता. चिंध्या मी बदलल्या. तिला विचारलं नाही, तिला सांगितलं नाही." दात नसल्याने शब्द बोबडे येत होते. "हे माझं. बिघडलं."

नव्या पोरींनी माझी गोष्ट पाठ केलेली. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. सुनीता तर उघड बघत होती. मी मागितलं होतं तेच मावशीने दिलं होतं, एक पैही कमी न करता, आणि ते देताना माझ्याकडची एकुलती एक गोष्ट माझ्याच माणसांसमोर काढून घेतली होती. तेव्हाही तिने मला विचारलं नाही. तेव्हाही सांगून आली नाही. हे कुणी लक्षात घेत नाही. सभेत बायांनी त्या दिवसाचं केवढं कौतुक केलं, मावशीचा मोठेपणा म्हणून. मोठेपणा असेल. पण मी कशी उभी होते तिथे, ते कुणाला दिसलं?

शेठच्या मुलाला काय चाललंय ते पुरतं कळलं नव्हतं. पण मी ढिली पडलेय एवढं त्याला नक्की कळलं. व्यापाऱ्याच्या पोराला ते बरोबर कळतं. तो जवळ आला, माझ्या दोरावरचा एक बोंबील मानेपाशी मोडून बघितला आणि म्हणाला, "माल ठीक आहे, हेमाबेन. पण आज तुम्ही जरा समजून घ्या. काय लावायचं, बोला."

मी मावशीकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी ती काही बोलेल. ती माझ्याकडे बघतही नव्हती. हळूहळू वळली, आमच्याकडे पाठ केली आणि खाडीकडे तोंड करून वाळूत बसली. बटवा सोडला. कट्, कट्.

माझे बोंबील मी टाकलेले, मी उलटलेले, मीच आतून-बाहेरून तपासून दोरावर ठेवलेले. यात कुणाचा हात नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. त्या एका दोराबद्दल तेवढं माहीत होतं, बाकी कशाबद्दल नाही. मी भाव सांगितला. काल ठरवला होता त्याच्याही वरचा. शेठचा मुलगा हसला, मान हलवली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी खाली येते का म्हणून.

मी त्याच भावावर उभी राहिले. माझ्या मागे अडकित्ता चालू होता. तो थांबला नाही.